लाल-पिवळी खात नाही

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्र बघून तुम्ही दचकला असाल. आपण पत्रं लिहिणाऱ्यांतले नाही, तसे बोलणाऱ्यांतलेही नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, मग मीही ‘हं’ म्हणते, आणि ठेवून दिल्यावर लक्षात येतं की कुणी कुणाला काहीच सांगितलं नाही. कागदाला निदान मध्येच ‘हं’ म्हणून थांबवता येत नाही.

आधी आपल्या क्रौंच-संवर्धन केंद्राच्या बातम्या देते, कारण माझ्या खुशालीआधी तुम्हाला तीच लागते. यंदा पाणथळीवर क्रौंचांच्या जोड्या वाढल्या. तुम्ही कामाला लागलात तेव्हा जगातले सगळे पांढरे क्रौंच आपल्या मागच्या अंगणात मावले असते, आता दुर्बिणी घेऊन येणारे पक्षीवाले बांधावर उभं राहायला जागा नाही म्हणून भांडतात. पायातल्या रंगीत कड्या वाचून कोण कुणाचं पोर हे ते आपल्याहून आधी सांगतात. उबवणखोलीला नवं दार बसवलं, जुनं करकरायचं. तुमचा झगा अजून खुंटीवर आहे, कुणी घालत नाही, लांबीला फार होतो. आणि शेवटच्या पिंजऱ्यातली लाल-पिवळी खात नाही. तुम्ही निवृत्त होऊन गेलात त्यानंतर तिचं खाणं कमी होत गेलं, आता बंदच झालंय. डॉक्टरांनी चोच पाहिली, घसा पाहिला, रक्त तपासलं. रोग काही सापडत नाही. सध्या नळीने भरवतोय. असं फार दिवस चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लाल-पिवळीची गोष्ट तुम्ही आता पक्षीवाल्यांच्या मंडळांतून पडद्यावर चित्रं दाखवून सांगता. तुमच्या व्याख्यानाचं नाव ‘मौनाचं फळ’ आहे असं आत्याकडून कळलं. मी आलेले नाही, पण छापलेलं पत्रक पाहिलं. त्यात तुम्ही झग्यात उभे आहात, तोंडावर जाळी, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली, आणि पायाशी तांबूस पिल्लू. फोटो सुरेख आहे. खाली लिहिलंय की या माणसाने उभ्या आयुष्यात पिल्लांसमोर एक शब्द उच्चारला नाही. तीच गोष्ट आज मी तुम्हाला सांगणार आहे, थोडी वेगळी.

नियम तुम्हीच मला शिकवलात. अंड्यातल्या जिवालाही ऐकू येतं. ज्याचा आवाज ऐकत पिल्लू बाहेर येतं, त्याला ते आपलं समजतं, आणि माणसाला आपलं समजणारा क्रौंच मोकळ्यावर टिकत नाही. तो माणसांमागे जातो, आणि माणसं काय चीज आहेत ते त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून माणसाचा आकार झाकणारा झगा, म्हणून जाळी, म्हणून बाहुलीच्या चोचीने दाणा दाखवायचा आणि खिशातल्या यंत्रातून मोठ्या क्रौंचांचा आवाज लावायचा. खोकला आला तर बाहेर पळायचं. शिंक आली तर गिळायची. नवीन आलेल्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी बजावायचात की इथे ज्याला बोलायची हौस आहे त्याने शाळेत शिकवायला जावं. सगळे हसायचे, अर्थातच आवाज न करता.

आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. तुम्ही केंद्राच्या आवारातल्या खोलीत राहायला गेलात आणि मला आत्याकडे ठेवलंत. रविवारी यायचात. पलंगाच्या कडेवर बसायचात, चहा प्यायचात, माझ्या वह्या उलटून बघायचात आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे परत जायचात. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावायची की त्याचं कामच न बोलण्याचं आहे, आठवडाभर गप्प राहून सवय मोडते माणसाची. मला ते पटायचं. नुसतं पटायचं नाही, अभिमान वाटायचा. वर्गात मी सांगायचे की माझे बाबा पक्षी वाढवतात. तुमच्या कामाला मी लायक आहे असं तुम्हाला वाटावं म्हणून रविवारी मीही बोलायचे नाही. एकदा अख्खा रविवार मी चकार शब्द काढला नाही, तर जाताना तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. ती शाबासकी मी पुढे कैक वर्षं पुरवून पुरवून वापरली.

त्याआधी, आई होती तेव्हा, तुम्ही मला ढब्बू म्हणायचात. मी होतेच तशी गोल. दारातून आत येताना तुमची ‘ढब्बूऽऽ’ अशी शेवटाला वर चढणारी हाक यायची आणि मी असेन तिथून पळत सुटायचे. आई गेली आणि ते नाव बंद झालं. शाळेतलं नावसुद्धा तुमच्या तोंडून क्वचित आलं. मी मनाशी ठरवून टाकलं की दुःखाने माणूस मुका होतो, त्याला काही मागू नये. शिक्षण झाल्यावर मी दुसरीकडे कुठे अर्जच केला नाही. तुमच्याच हाताखाली आले, तुमच्यासारखाच झगा चढवला. इतकी वर्षं आपण एका आवारात काम केलं, हातांच्या खुणांनी. आत्या म्हणायची, बापलेकीचं बरं जमतं. जमत होतंच, दोन झग्यांचं जमतं तसं.

आता लाल-पिवळी. ती जन्मली आई गेली त्याच्या पुढच्या हंगामात. त्या वर्षी तगलेलं ते एकच पिल्लू, म्हणून तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. पायात एक लाल आणि एक पिवळी कडी घालून ती पाणथळीवर सोडली तेव्हा पक्षीवाल्यांनी बांधावर रांग लावली होती. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याकडून आनंदाच्या बातम्या यायला लागल्या. किती धीट आहे, किती जवळ येते, काय फोटो मिळाले. त्यांना त्यात कौतुक वाटलं, आपल्या लोकांना त्याचा अर्थ कळला. मग ती पेट्रोल पंपावर सापडली. मग शाळेच्या मैदानात, पोरांच्या हातून बिस्किटं खाताना. मग कुणीतरी तिच्यावर दगड भिरकावला आणि पंख मोडला, आणि तिला परत आणून शेवटच्या पिंजऱ्यात ठेवलं. शेजारच्या जाळीत चांगले तगडे नर, पण त्यांच्याकडे ती ढुंकून बघत नाही. दिवसभर वाटेकडच्या जाळीला टेकून उभी असायची, माणसं येतात त्या बाजूला.

चौकशी झाली. पिल्लाशी कोण बोललं? लहान पिंजऱ्यांची झाडलोट करणाऱ्या काकूंना गुणगुणायची सवय होती, त्यामुळे फार शोधायला लागलं नाही. त्या रडून सांगत होत्या की मी दाराच्या आत कधी तोंड उघडलं नाही. त्यांना काढून टाकलं. चौकशी करणाऱ्यांत तुम्हीही बसला होतात आणि तिथे तुम्ही मूग गिळून बसलात. तुमचं मौन खऱ्या अर्थाने फळाला आलं ते तिथे, पण हा भाग व्याख्यानात नसावा.

हे सगळं मी आज म्हणू शकते, कारण मागच्या आठवड्यात आत्या केंद्रावर आली होती. मी डबा विसरले होते. शेवटच्या पिंजऱ्यापाशी मी पाण्याचं टाकं घासत होते आणि तिने लांबूनच मला हाक मारली. आत्याच काय ती अजून मला ढब्बू म्हणून हाक मारते, आणि तिची हाक तुमच्या घराण्याचीच, शेवटाला वर चढणारी. मी मान वळवली. तर माझ्याआधी लाल-पिवळीने वळवली होती. खाणं सुटल्यापासून मागच्या कोपऱ्यातून न हललेली ती मोडका पंख ओढत जाळीपर्यंत पळत आली आणि तिने आवाज काढला. तो आवाज तुम्हाला माहीत आहे, बारीक, घशातल्या घशात थरथरणारा. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू आईला तसा देतं. म्हातारपणाकडे झुकलेल्या क्रौंचाच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता.

आत्या गेल्यावर मी खात्री करून घेतली. काम तुम्हीच शिकवलंय, त्यामुळे घाई केली नाही. तिच्याशी काहीबाही बोलून पाहिलं. दुसऱ्या नावांनी हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या. ढिम्म. मग तुमच्यासारखं ‘ढब्बूऽऽ’ म्हटलं आणि ती पळत आली. हे नाव केंद्रात तुमच्यामाझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि मी तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा ती मोठी झालेली होती. मग एकेक आठवायला लागलं. ‘सकाळची पहिली फेरी माझी, त्या वेळी शेवटच्या पिंजऱ्याकडे कुणी फिरकू नका,’ असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतंत. आम्ही त्याला निष्ठा म्हणायचो. म्हणजे पिल्लू होती तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तुम्ही रोज तिच्याशी बोलत होतात. त्या उंच, काटकुळ्या पक्ष्याला ढब्बू म्हणत होतात. मला हसू आलं आणि ते हसू मला आवरेना, टाक्याच्या कडेला बसून राहिले.

मी आत्याला सांगितलं. तिने तुमची बाजू घेतली, बहीणच ती. म्हणाली की त्याने तिला हाक मारली ती तुलाच मारली गं, तुझ्यासमोर त्याला आईची आठवण सहन व्हायची नाही, लेकी बोले सुने लागे तसं ते. असेलही. पण बाबा, त्या म्हणीतल्या सुनेला निदान ऐकू तरी जातं. मी दोन गल्ल्या पलीकडे रविवारची वाट बघत बसले होते. मुका माणूस म्हणून मी तुम्हाला माफ केलं होतं. तुम्ही मुके नव्हता. शब्द होते तुमच्याकडे, रोज पुरतील एवढे होते, ते तुम्ही जाळीपलीकडे टाकत होतात. आणि जिच्यापुढे टाकलेत तिचंही भलं झालं नाही. ती माणसांत आली, पंख मोडून घेतला, जन्मभर जाळीला टेकून राहिली. काकूंची नोकरी गेली. माझं काय गेलं ते मला नीट मांडता येत नाही, पण मला तुमचा राग येतो. एकाच नावाने दोघींना वाढवायला घेतलंत आणि एकीलाही उडता येऊ दिलं नाहीत.

आता पत्र का लिहिलं ते. माझ्या हाकेवर ती येते, पण खात नाही. जाळीपाशी पळत येते, माझ्याकडे बघते, आणि मग माझ्या मागे बघते, वाटेवर. कुणी येताना दिसत नाही तेव्हा परत जाऊन उभी राहते. ते बघणं मला ओळखू येतं, आत्याच्या खिडकीतून मी तसंच बघायचे. म्हणून तुम्ही या. झगा घालू नका, जाळी नको, ती गुपचूप पहिली फेरीही नको. दिवसाउजेडी, सगळे कामावर असताना या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिला हाक मारा. काकूंनाही मी बोलावलंय, त्या येते म्हणाल्या. तुमचं व्याख्यान त्यानंतर चालेल की नाही ते मला माहीत नाही आणि मला त्याची फिकीरही नाही. ती खाईल, एवढं बहुतेक नक्की. मी तिथेच टाक्यापाशी काम करत असेन. तुम्ही हाक माराल तेव्हा चुकून माझी मान वळली, तर लक्ष देऊ नका. जुनी सवय आहे. तुम्ही तिच्याकडेच बघा.

तुमचीच म्हणायची,
नाव लिहीत नाही, ते सध्या तिच्याकडे आहे.