डिस्क झिजवणारं पत्र

बाबा,

लॅपटॉपची डिस्क नवी असून इतकी का झिजतेय, हा किडा आठवडाभर डोक्यात वळवळत होता. शेवटी चोर सापडला, तुम्हीच! तुम्ही पत्र लिहीत असता तेव्हा दर दहा सेकंदांनी त्याचा कच्चा मसुदा डिस्कवर उतरतो, आणि रोज तुम्ही तो पुसून टाकता. लॅपटॉपवरच्या लिनक्स सिस्टिममध्ये सोय असते, म्हणून मसुद्यांचा फोल्डर मी डिस्कवरून तात्पुरत्या मेमरीत (रॅममध्ये) हलवलाय. आता झीज नाही, पण लॅपटॉप बंद केला की सगळं आपोआप साफ.

आजचं पत्र उघडंच होतं, म्हणून चार्जर लावून, चालू ठेवून कामाला निघालेय. वाचलं नाही हं, फक्त वरचं ‘चिरंजीव’ दिसलं.

दादाचा ईमेल अजून तोच आहे.

– धाकटी