पंचनाम्यावरचा तुमचा अंगठा

आबा,

तुम्हाला पत्र लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. तुम्ही असतात तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी वाचून दाखवलेल्या कागदाचं काय होतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. तरी लिहितो आहे, कारण तोंडाने बोलायची हिंमत तेव्हा झाली नाही आणि आता ऐकायला तुम्ही नाही.

चाकणच्या अलीकडे, आपल्या गावच्या नाक्यावरचा तो मोटार स्टँड आठवा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तुम्हीच बांधलेला. पुढे तिकिटाची खिडकी, मग बाकड्यांची खोली, मागे चार मोटारी राहतील एवढं गॅरेज. सगळा काळा दगड, चुन्यातलं काम. एस.टी. आली, खासगी मोटारी बंद झाल्या, मालक पुण्याला निघून गेला आणि इमारत बेवारशी पडली. पहिल्या वर्षी दारं गेली, दुसऱ्या वर्षी निम्मी कौलं. मग आत पत्ते आले, पत्त्यांच्या मागून हातभट्टी आली, आणि बायका नाका सोडून ओढ्याच्या वाटेने जाऊ लागल्या. गावाला त्या इमारतीचा जाच होता, हे मी आजही नाकारत नाही. मालक पत्राला उत्तर देईना. शेवटी सरपंच म्हणाले, पाडून टाकू. पण दुसऱ्याची इमारत पाडायची तर ती धोक्याची आहे असा पंचनामा तालुक्याच्या कचेरीत द्यावा लागणार होता. तो लिहायचा पंचायतीच्या नव्या कारकुनाने, ज्याला अजून नोकरीत कायम केलेलं नव्हतं. म्हणजे मी.

पाच पंचांपैकी चौघांनी पंचायतीच्या ओट्यावर चहा पिता पिताच सह्या ठोकल्या. त्यात नवल काही नव्हतं, आपल्याकडे पंचनामे असेच होत आले. पाचवे तुम्ही. ज्याने बांधली त्यानेच मोडकी म्हटलं की कचेरीतलं कोणी काही विचारणार नाही, हा सरपंचांचा डाव. तुम्ही मात्र जागेवर गेलात. मला अजून दिसता: धोतर वर खोचलेलं, हातात हातोडी, फुटक्या मडक्यांवरून पाय टाकत, भिंतीला कान लावून टकटक करत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालला आहात. मी मागे उभा. "छपार गेलंय, वासं किडल्यात," तुम्ही म्हणता. "पन भितीला काय बी झालं न्हाई. शंभर वर्सं हालायची न्हाई. नवं छपार घाला आन् दवाखाना करा हितं. आडलेल्या बाया बैलगाडीत घालून कुटंवर न्यायच्या?" मी म्हणतो, "लिहितो, आबा."

कागद आदल्या दिवशीच लिहून झाला होता. भिंती फुगल्या आहेत, पाया खचला आहे, इमारत कधीही कोसळेल, असं त्यावर होतं. घरी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिथेच बसून मी तुम्हाला तो वाचून दाखवला. वाचला म्हणजे काय, डोळे कागदावर ठेवले आणि तोंडाने भलतंच म्हटलं: छप्पर नादुरुस्त, भिंती मजबूत, जागा दवाखान्यास योग्य. "झ्याक लिवलंस," असं म्हणून तुम्ही अंगठा पुढे केलात. शाई मीच लावली. आईला म्हणालात, "बघ, माझ्या शब्दाचा कागुद झाला." मला कायम व्हायचं होतं, आबा. दुसरं एखादं बरं कारण सापडतं का ते पुष्कळ शोधलं. नाही सापडत.

चार दिवसांत पाडतो असं कंत्राटदार म्हणाला होता. पंधरा दिवस झाले तरी मागची भिंत उभीच. पहारी वाकल्या, मजूर शिव्या घालू लागले, आणि गाव कामधंदा सोडून तमाशा बघायला जमू लागलं. तुम्ही महिनाभर परगावी कामावर होतात; परतून नाक्यावर आलात तेव्हा हॉटेलवाला ओरडला, "काय मिस्त्री, पडाया आल्याली भित पडंना की वो!" तुम्ही विचारलंत, "पडाया आली म्हनलं कोन?" तो हसला. "तुमीच की! अंगठा हाय तुमचा कागदावर. सरपंचांनी चावडीवर वाचून दावला न्हवं का!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी वही छातीशी धरून उभा होतो आणि सरपंच माझ्या शेजारी. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर माझी नोकरी गेली असती आणि तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी मान खाली घातली. मग तुमचा आवाज आला, अगदी साधा. "व्हय, माझाच अंगठा हाय. नजर गेली राव माझी. भित नीट दिसली न्हाई."

नजर गेलेल्या गवंड्याला कोण काम देणार? त्या दिवसानंतर तुम्हाला कोणी बोलावलं नाही. आणि तुम्ही ते सोंग शेवटपर्यंत निभावलंत. रस्त्यात समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसालाही विचारायचात, "कोन हाय?" घरी मात्र आईची सुई तुम्हीच ओवून द्यायचात. मला एका अक्षराने बोलला नाहीत. एकदाच, शेजारची म्हातारी तिच्या मुलाचं पत्र घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर बसल्या बसल्या म्हणालात, "लिवलंय त्येच वाच." थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं.

मी कायम झालो. दगड ज्याच्या हाती लागले त्याने नेले. हातभट्टी ओढ्याकाठी गेली, म्हणजे बायकांची तीही वाट बंद झाली. नाक्यावरच्या त्या मोकळ्या जागेत कित्येक वर्षं उकिरडा होता, आणि अडलेल्या बाया बैलगाडीतूनच जात राहिल्या. त्यांतल्या दोघी परत आल्या नाहीत. तुम्ही दोन्ही घरी जाऊन बसलात. मी गेलो नाही.

हे पत्र मुलाला दाखवावं असं दोनदा मनात आलं. दाखवणार नाही. गेल्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, त्यासाठी तो मला चिंचवडला घेऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कोणाची नजर गेली होती का? मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हो, आजोबांची. गवंडी होते. नजर गेली म्हणून काम सुटलं त्यांचं." त्याला लहानपणापासून मीच तसं सांगत आलो आहे. बाईंनी ते लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो सावकाश वाचला, आबा, शब्दन् शब्द. आणि खाली सही केली.