कूलरच्या मागं काका

अकोला, भर दुपार

तीर्थरूप सुभद्रामावशी,

तुह्या प्रणालीचा वाकून नमस्कार (वाकलं की खोकला येते, म्हणून एकदाच). तुहे गुडघे कसे आहेत? अमरावतीले ऊन कसं आहे? इथं आडतीच्या हाफिसात दुपारी रस्त्यावरचे ऑटोसुद्धा झोपतात, अन् मी कापसाचे भाव कंप्युटरात भरता भरता अर्धी जागी अन् अर्धी कौंडण्यपूरच्या नदीत पाय सोडून बसलेली असते.

ही नदी कूलरमधून येते. खरंच सांगून राहिली! आधी खुशालकाका (तुह्या नवऱ्याची तक्रार नाही वं, नुसती हकिकत) गादीवर बसूनच बिड्या ओढत. शेतकरी आला की एक, सौदा पटला की एक, नाही पटला तं दुःखाची एक. मी खोकू खोकू हैराण. डॉक्टरीणबाईनं छातीले नळी लावून इचारलं, रोज किती ओढता? मी म्हटलं, बाई, मी तं उदबत्तीपासूनही दूर बसते! मग त्यायनं तुह्या जावयाकडे असं पाह्यलं, की शिवमनं घाबरून तोंड उघडून दात दाखवले. शेवटी काकायचं नाव निघालं. दुसऱ्यानं सोडलेला धूरही छातीत बसते म्हणे, असंच चाललं तं दमा लागन.

म्हणून मी भिंतीवर बोर्ड लावला, की हाफिसात बिडी ओढू नये. काका किती गुणाचे! बोर्ड वाचला अन् साऱ्या मंडळीले घेऊन बाहेर गेले. पण बाहेर ऊन असं, की सावली अन् ओल फक्त कूलरच्या मागं. तिथं सारे बैठक मारून बिड्या पेटवतात. कूलर तो धूर ओढते, वाळ्यात भिजवते अन् माह्या तोंडावर सोडते. मले आधी कळलंच नाही, बाप्पा! काय तो गार सुगंधी धूर. त्यात मले नदी दिसे, जत्रा दिसे, पाळणा वर जाताना दिसे. एका शेतकऱ्याच्या पावतीवर मी कापसाच्या जागी ‘नदी’ लिहून दिलं (त्यानंही घडी करून खिशात घातलं). मग खोकल्यानं जाग आली.

काकायले म्हटलं, कूलरमागून उठा. ते म्हणे, “आता कुठं जाऊ वं पोरी, सूर्यावर?” सारे हसले. मीही हसली. पण मले राग आला, मावशी, लई राग आला. ज्यायनं नोकरी दिली त्यायच्यापुढं तोंड कसं उघडू? आताशा जिना चढताना मधात थांबा लागते.

बाकी सारं बेस आहे. तुह्या हातची आंबाडीची भाजी आठवते.

तुही,
प्रणाली

ता. क. काकायले यातलं काही सांगू नको. त्यायले वाईट वाटन.

आणखी ता. क. नाही, सांगच. मले दिवस गेले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणे, हा धूर पोटातल्या लेकरालेही बाधते, त्याचं वजन भरत नाही. तीन महिने भरेपर्यंत कोणाले बोलू नको, नजर लागते, असं आईनं बजावलं आहे. म्हणून हाफिसात मी नुसती खोकणारी पोरगी आहे. पण तू काकायले आजच फोन करून सांग. नजर लागली तं मीठ-मिरच्या ओवाळून काढता येते वं. धूर कशानं काढू?