एका फीत दोन कमरा

सोमवार, ३ जून
आजचा खर्च: शेकायची रबरी पिशवी – २२. जाड सतरंजी – ३५. डॉक्टरांची फी – ६०! लिहितानाही हात अडखळतो.
ऑस्टिओपॅथ म्हणतात त्यांना. गोळी नाही, सुई नाही. नुसत्या हातांनी कंबर चाचपली, दाबली, हळूच फिरवली. किती वर्षांनी आज न बसता चप्पल घातली! देवाचीच कृपा. म्हणाले, "अर्धं काम माझ्या हातांचं, अर्धं तुमचं." घरी पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. मग उभं राहून, कमरेवर हात ठेवून मागे वाकायचं.

गुरुवार, ६ जून
वन्संची कंबरही जुनी दुखरी. शिलाईच्या मशीनवर जन्म गेला. फी ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात तर नवी कंबर येईल गं!" मग मीच शिकवलं. ह्यांना म्हटलं, "एका फीत दोन कमरा!" हे म्हणाले, "डॉक्टरांच्या कानावर नको घालूस, रडतील बिचारे." काय हसलो तिघं!

मंगळवार, ११ जून
वन्संच्या डाव्या पायात मुंग्या उतरतात म्हणे. मी फटकन बोलले – "मन लावून करत नाही तुम्ही." ह्यांची थोरली बहीण, तरी मी असं बोलले. संध्याकाळी बघते तर ओठ दाबून पुन्हा करताहेत.

शनिवार, १५ जून
वन्सं लेकीकडे गेल्या, मदतीला. जिना उतरताना डावं पाऊल चाचपत टाकत होत्या. आणि मी वरून ओरडले – "सोडू नका हं, रोज करा!"

सोमवार, १७ जून
डॉक्टरांकडे दुसरी खेप. पाठीवर हात ठेवताच खूश झाले. "नेमाने केलंत!" मग सहज बोलले – हे तुमची कंबर तपासून दिलंय, दुसऱ्या कोणाला शिकवू नका. ज्याच्या पायात मुंग्या येत असतील, त्याने तर तपासल्याशिवाय करूच नये, दुखणं वाढेल.
वन्संचं ते चाचपत टाकलेलं डावं पाऊल डोळ्यांसमोर आलं.
"घरात आणखी कोणाला त्रास?" त्यांनी विचारलं.
"नाही," म्हटलं मी. सकाळी ज्या तोंडाने स्तोत्र म्हटलं, त्याच तोंडाने! दुसरी फी पडेल म्हणून, की लाज वाटली म्हणून? दोन्ही. खोटं कशाला लिहू.

बुधवार, १९ जून
पत्र लिहिलं. फाडलं. काय लिहू – चार पैसे वाचवायला तुमच्या पायाशी खेळले? पूजेत मन नाही. माझी कंबर मात्र आज जराही दुखली नाही. दुखली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, २१ जून
आजही लिहिलं नाही. वन्सं काय म्हणतील, हीच भीती.

सोमवार, २४ जून
वन्संचं पत्र. "पाऊल जड पडतं, चप्पल कधी निसटते कळत नाही. पण तुझा व्यायाम सोडलेला नाही. लेकीला सातवा लागलाय, तिचीही कंबर फार धरते. कालपासून तिलाही तोच शिकवते."
सातव्या महिन्यात पालथं पडायचं? धावतच पोस्टात गेले, तिथेच उभ्याने लिहिलं – "दोघींनी ताबडतोब थांबवा. वन्सं, चूक माझी, सारी माझी. आजच दोघी डॉक्टरांकडे जा, पैशाकडे बघू नका. कशा आहात, उलट टपाली कळवा."