बाबांची सही

४ मार्च
ताई आली – तीन महिन्यांनी. बुटांवर चिखल वाळून पांढरा झालेला. चहा उभ्यानेच प्यायली, बसलं तर झोप लागेल म्हणे. ही तिची बारावी फिल्म. विषय आपल्याच शहराबाहेरचा कचरा डेपो आणि त्याच्या उतारावरच्या वस्तीतल्या विहिरी. बाबा खुशीत. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात, त्यामुळे तिला विचारायच्या आत दुसरा चहा.

५ मार्च
शाळेत रजा टाकून तिच्याबरोबर वस्तीत गेले. एक म्हातारी कॅमेरा बघून आत निघून गेली. ताईने कॅमेरा पिशवीत घातला आणि ओट्यावर बसून राहिली. दोन तास! शेवटी म्हातारीच बाहेर आली. "विचार बाई, काय विचारायचं ते." मग सुनेला हाक मारली, तिच्या हातांवरचे चट्टे दाखवले.

बँकेतली नोकरी सोडून ताईने लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा कॅमेरा मागून आणला, तेव्हा सगळे हसले होते. मीसुद्धा. तिसऱ्या फिल्मने खडीची खाण बंद पाडली तेव्हा ते हसणं थांबलं. फिल्म संपली तरी हिचं काम संपत नाही – पाण्याच्या बाटल्या तपासायला ने, अर्ज लिही, लोकांना सुनावणीला घेऊन जा. आणि मी एक वर्ग सांभाळून दमते.

९ मार्च
काय लिहू. नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात ताईला डेपोचा परवाना सापडला. वीस वर्षांपूर्वीचा. खाली बाबांची सही. ते तिथे अभियंता होते, पण रस्ते बघायचे अशीच आमची समजूत.

मी म्हटलं, सही झाक. वरून कागद आला असेल, त्यांनी सही केली असेल. त्यांना काय माहीत!

ताई म्हणाली, "अकरा फिल्ममध्ये लोकांच्या सह्या दाखवल्या मी. त्यांनाही मुली असतील."

रागाने उठून आले. पण खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते, तर कागद फाडून मोकळी झाले असते. तिच्या मनात ते आलंही नाही.

१० मार्च
तिने स्वतःच बाबांना सांगितलं. पडद्यावर बघून कळायला नको म्हणून. कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, घडी घालून परत दिला. "तुझं काम तू कर." खोलीत गेले, दार लावून घेतलं.

ताई भांडी घासायला लागली. कितीतरी वेळ एकच पातेलं घासत होती.

११ मार्च
बाबा जेवले नाहीत. ताई लॉजवर राहायला गेली. "मी समोर असले तर त्यांना रडताही येणार नाही."

१२ मार्च
आज चहा मीच केला. बाबांचा कप दाराबाहेर तसाच.

१३ मार्च
बाबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. "तिला फोन लाव. म्हणावं, नुसती सही दाखवू नकोस."

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं, हे तिलाही कळतं.

"डेपोमुळे विहिरी नासतील, असा अहवाल माझ्याकडे आला होता. वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मग सही केली. तेवढं तिच्या कॅमेऱ्यासमोर सांगतो."