सखाभाऊच्या नावानं ठेवलेला पटका

पौष वद्य ११, रविवार

आज चूक झाली. झाली तशी लिहून ठेवतो. उद्या कुणी फिरवून सांगितली तर खरी माझ्याजवळ राहील.

दुपारी किसनभाऊंसंगं मैदानातल्या कुस्तीच्या तंबूत गेलो. हलगी न्हाई, बँड. माणसं खुर्च्यांवर. मल्ल मखमलीचे झगे घालून येतात, ते काढायलाच अर्धा वेळ. तीन कुस्त्या बघितल्या, तिन्ही लटक्या. पडणारा पडायच्या आधी जागा बघतो. खरा पडणारा वर बघतो, जागा बघायला त्याला सवड नसती.

मग फौलादसिंग आला. पंजाबाकडचा, दारातनं तिरपा व्हऊन आला एवढा रुंद. मॅनेजर भोंग्यातनं वरडला, सगळ्या दक्खनमधी याच्यासमोर उभा राहील असा गडी न्हाई. माझं डोकं फिरलं. उठलो, डोईचा पटका सोडला, कुस्तीच्या हौद्याच्या कडंला मातीत ठेवला. म्हणालो, "आण्याचा सखाराम हाय."

आमच्या गावच्या, आण्याच्या जत्रंत ही चाल हाय. गडी हजर नसंल तर त्याचा माणूस त्याच्या नावानं पटका मातीत ठेवतो. गडी येईस्तोवर समोरच्यानं जिंकलो म्हणायचं न्हाई, आन् ठेवणाऱ्यानं डोईला काही बांधायचं न्हाई. इथं कुणाला ठावं? लोक हसले. मॅनेजरनं इचारून घेतलं, तो हसला न्हाई. म्हणाला, चार रविवार थांबतो.

परत येताना कि.भाऊ म्हणाले, "गेनू, सखारामाला इचारलंस का?"

न्हाई.

"दोन वरसं झाली त्यानं लंगोट सोडला."

ठावं हाय.

ते भरभर पुढं निघून गेले. तेच लई लागलं.


पौष वद्य १२

उघड्या डोक्यानं वखारीत. दरवान म्हणाला, कोण गेलं रे? कुणी न्हाई म्हणलं. गाठी मोजणारा कारकून तेच. कुणी न्हाई. तिसऱ्यानं इचारलं तवा कि.भाऊच मागनं म्हणाले, "अजून न्हाई."

टोळीचे म्होरके हायत, बोलून घेतात. दिसभर कापसाच्या गाठी उचलल्या आन् दिसभर हसणं ऐकलं.


पौष वद्य १४

सखाभाऊ माझा मामेभाऊ. येसू वस्तादाचा पट्ठा. त्याच्याइतका सरळ गडी आण्याच्या पठारावर झाला न्हाई. ढाकंचा डाव टाकला की समोरच्याला काय झालं ते कळायच्या आत आभाळ दिसायचं.

दोन वर्सामागं चैत्राच्या जत्रंत घोडेगावच्या एका नवख्या गड्यानं त्याला पाडला. हलगीवाल्याचा हात पण तापला नव्हता एवढ्या वेळात. उजवा हात नुसता लोंबत व्हता, लावलाच न्हाई. लोक उठले. वरडले, कुस्ती विकली, विकली. ढेकळं मारली. तो बोलला न्हाई. लंगोट वस्तादापुढं ठेवला आन् घरी गेला. तवापासून नांगर.

वरडणाऱ्यात मी व्हतो. एक ढेकूळ माझं. हे कुणाला सांगितलं न्हाई. आज लिहिलं.

त्या वर्सीच मी मुंबईला आलो.


माघ शु. १

पत्र टाकलं. आण्याला टपाल कवा जाईल भरवसा न्हाई, म्हणून आळे गावच्या मारवाडी शेठच्या नावावर. बाजारच्या दिशी सखाभाऊ त्यांच्याकडं पेंडीला येतो, त्याला वाचता येत न्हाई, शेठ वाचून दाखवतील. लिहिलं की पटका तुझ्या नावानं ठेवलाय, इचारलं न्हाई, चुकलो, तरी ये.

ढेकळाचं लिहिलं न्हाई. शेठ वाचणार.


माघ शु. ३, रविवार

खानावळीत भांडण. कि.भाऊंचं एकच, आताचे गडी म्हंजे फुगे, पयले एकेक कुस्ती सकाळी लागली तर दिवेलागणीला सुटायची.

"तुमी बघितली?"

"आज्यानं बघितली."

म्हणलं, आज्यानं बघितलेली कुस्ती दर सालाला अर्धा तास वाढती. सगळे हसले. कि.भाऊ पण.

माझंही मत त्यांच्यासारखंच व्हतं, पण आज जरा हाललं. मागल्या बाजूनं तंबूत डोकावलो तर फौलादसिंग एकटा माती खणत व्हता. त्याला माणसं हायत त्या कामाला. फावड्यानं खणली, ताक शिंपडलं, तेल घातलं, हातानं ढेकूळ अन् ढेकूळ फोडलं. बारीक खडा सापडला तो उचलून बाहेर टाकला. माझा पटका खुंटीला टांगून ठेवलेला, घडी करून. मातीत पडू दिला न्हाई.

खेळ लटका असंल. माणूस लटका न्हाई.


माघ शु. १०

शेठचं पत्र आलं. बाजाराचा दिवस, दुकानात पंधरा माणसं, त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं म्हणतात. सखारामानं ऐकून घेतलं, पेंडीचं पोतं खांद्यावर टाकलं, गेला. निरोप काही न्हाई. खाली शेठनं आपल्या मनानं लिहिलंय, असं पत्र पुन्हा टाकायचं तर पाकिटावर 'खाजगी' लिहिणे.

म्हंजे त्याचं नाव पुन्हा एकदा चारचौघांत मीच काढलं. आन् इथं भिंतींना कागद चिकटलेत, आण्याचा सखाराम, हातभर अक्षरं. आला न्हाई तर भ्याला म्हणतील. आला आन् पडला तर विकली म्हणतील. दोन्हीकडनं त्याचंच जाणार.

मॅनेजरकडं गेलो. म्हणलं, पटका उचलतो. म्हणाला, उचल की. पण कागद लागलेत, गडी न्हाई आला तर तू उतर.

बरं म्हणलं, पटका तिथंच ठेवला.


माघ शु. ११

शंभर जोर काढायचे ठरवले. एकतीस निघाले. बसलोय, दंड भरून आलेत, अक्षर त्यामुळं असं.

कि.भाऊ: "फौलादसिंगाला सांगून ठेव, हळू ठेव म्हणावं खाली."


माघ वद्य १

सखाभाऊ आला.

दुपारी वखारीच्या फाटकाशी उभा. घाटघरावरनं नाणेघाट उतरून चालत कल्याण, तिथनं गाडीनं. पायांवर धूळ पिंढऱ्यांपत्तर. दोन वर्सांनी बघितला, वाळलाय, पण मान तशीच हाय, बैलासारखी.

म्हणाला, "पटका कुठाय?"

"तंबूत."

"उघडं डोकं बरं न्हाई दिसत तुझं."

एवढंच. रागावला का न्हाई, काय कळलं न्हाई.

खानावळीत अकरा भाकरी. मावशी म्हणाली, पावणं एका दिसाचं का महिन्याचं? तो लाजला. मग बारावी घेतली.


माघ वद्य ४

रोज काम सुटल्यावर वखारीमागं सराव. समोर उभं रहायला कि.भाऊ. जत्रंत सखाभाऊला पाडला तो त्यांच्याच गावचा. तरी सखाभाऊला म्हणाले, "मी कधी विकली म्हणलं न्हाई हां. विकली म्हणलं तर आमच्या गड्याची जीत पण खोटी ठरती." सखाभाऊ पयल्यांदा हसला.

आज मी इचारलं, तवा उजवा हात का लावला न्हाईस.

 त्यानं दंडावर बोट ठेवलं. "सुई."

जत्रंच्या आधी गावात प्लेगचे उंदीर पडले. शेजारच्या घरातनं दोन माणसं गेली. त्याची पोरगी सहा महिन्यांची. बायकोला घेऊन गुपचूप जुन्नरला गेला, दवाखान्यात दोघांनी प्लेगची सुई टोचून घेतली. जत्रंच्या दिशी अंगात ताप, दंड सुजलेला, हात वर जाईना.

"मग बोलायचं न्हाईस का?"

"वस्ताद म्हणायचे, सुई घेतलेल्या अंगाला माती धरत न्हाई. तालमीत सगळ्यांकडनं मारुतीसमोर शपथ घेतली व्हती, कुणी टोचून घ्यायची न्हाई. मी पण घेतली व्हती." मग म्हणाला, "शपथ मोडली म्हणण्यापरीस विकली म्हणाले ते परवडलं. पण तवापासून वस्तादाला तोंड दाखवलं न्हाई."

आन् पोरगी? म्हणाला, चालती आता. कोंबड्यांच्या मागं पळती.

माझं ढेकळाचं सांगायला तोंड उघडलं व्हतं. कि.भाऊ आले. राहिलं.


माघ वद्य ६

मॅनेजरनं आमा दोघांना बोलावलं. खुर्ची दिली, सोडावाटर दिलं. म्हणाला, वीस मिनटं लढा, लोकांना मजा येऊ द्या, मग घुटन्यावर या आन् पाठ टेका. सगळेच टेकतात. नाव व्हतं, कुणाचं काही जात न्हाई.

सखाभाऊनं सोडावाटर खाली ठेवलं. "न विकता विकली म्हणाले. आता विकून काय म्हणतील?"

फौलादसिंग मागं बदाम फोडत बसला व्हता. माझ्याकडं बघून इचारलं, क्या बोलता है? मी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यानं कानाच्या पाळीला हात लावला, आपल्या उस्तादाचं नाव घेतलं, आन् मॅनेजरकडं न बघता म्हणाला, "तो फिर सच्ची लड़ेंगे."

मॅनेजर म्हणाला तुमी दोघं मिळून मला बुडवणार.

माझं पयलं मत मागं घेतो. पयले चांगले, आताचे वाईट, असं न्हाई. पयले पण जागा बघून पडणारे असतील, फक्त ते आज्यानं सांगितलं न्हाई.


माघ वद्य १०

काल कुस्ती झाली. काल लिहिता आलं न्हाई.

बँड वाजला, सखाभाऊ थांबला. हात जोडून म्हणाला हे बंद करा, पायाचा ठेका चुकतो. बंद केला. तंबूत एवढं शांत कधी ऐकलं न्हाई. आमच्याकडची पन्नास-साठ माणसं आली व्हती, गोदीतनं, गिरणीतनं, मागं उभी.

पयल्यांदा हातांची खडाखडी लई वेळ. खुर्चीवाले कंटाळले, एकजण जांभई देताना मी बघितला. त्यांना वाटतं काही व्हत न्हाई. अवो, तेव्हाच सगळं व्हतं. कोण कुठल्या पायावर वजन टाकतो, श्वास कोणाचा वर हाय.

फौलादसिंगानं पाय ओढून पट काढला, सखाभाऊ खाली. वर बसला. डोंगरच. मान दाबली, नाकात माती. मी डोळे मिटले, खोटं कशाला लिहू. उघडले तवा सखाभाऊ निसटून उभा, आन् ढाकंला गेला. पूर्ण लागली न्हाई. पण फौलादसिंगाचे दोन्ही पाय सुटले व्हते, सगळा भार सखाभाऊच्या उजव्या हातावर. त्याच हातावर. धरला. फौलादसिंग एका खांद्यावर पडला, पाठ टेकता टेकता वळला.

मग दोघांचं अंग तेलामातीनं असं झालं की पकड बसंना. मॅनेजरनं मधी पडून सोडवली, बरोबरी म्हणून. खुर्चीवाले कुरकुरले. आमची माणसं न्हाई.

किती वेळ? कि.भाऊ उद्यापासून दोन तास सांगणार. तंबूत घड्याळ व्हतं. पाऊण तास आन् वर थोडं.

विकली असं कुणी म्हणलं न्हाई. मी कान देऊन ऐकत व्हतो.

सुटल्यावर फौलादसिंग माझा पटका घेऊन आला, सखाभाऊच्या हातात दिला. त्यानं माझ्या डोईवर ठेवला, वाकडा. फौलादसिंग म्हणाला, निकाल लागला न्हाई, तुमच्याकडं जत्रा कवा? मी सांगितलं, चैत्रात, आण्याला. रस्ता इचारला. कल्याण, मग मुरबाड, मग घाट चढायचा. घाट किती चढायचा, तर हातानं दाखवला. तो तंबूच्या कळसाकडं बघत राहिला, मग म्हणाला, आऊंगा.


माघ वद्य ११

आज सखाभाऊ गेला. बोरीबंदरापत्तर चालत सोडायला गेलो. विजेची ट्राम बघून म्हणाला, बैल कुठं लपवलेत.

टेसनाशी मी सांगून टाकलं. म्हणलं, त्या जत्रंत वरडणाऱ्यात मी व्हतो. ढेकूळ पण मारलं.

तो चालतच राहिला. मग म्हणाला, "डावीकडनं का उजवीकडनं?"

"डावीकडनं. चिंचंखालनं."

"डावीकडचं लागलं न्हाई. उजवीकडचं लागलं."

 गाडीला वेळ व्हता, दोघं पायरीवर बसलो. म्हणाला, जत्रंच्या आधी वस्तादाला सुईचं सांगणार हाय. घरात न्हाई, तालमीत, शपथ घेतली तिथंच. मग मातीत उतरू द्यायचं का न्हाई ते त्यांनी ठरवायचं. म्हातारं लई कडक. न्हाई म्हणलं तर फौलादसिंग एवढा घाट चढून येणार आन् समोर कुणी नसणार. वस्तादाला आधी कुणाकडनं निरोप पाठवू म्हणलं, तर म्हणाला तुझे निरोप पुरे.

गाडीत चढताना इचारलं, "जत्रंला येशील?"

"येईन."

"मग चिंचंखालीच बस. तुझा आवाज लांबपत्तर येतो. तवा पण वळखला व्हता मी."

गाडी गेली. मी फलाटावर उभा.

म्हंजे त्याला ठाऊक व्हतं. ठाऊक असून पत्र ऐकलं, घाट उतरून आला, आन् पटका माझ्याच डोईवर ठेवला.

वस्ताद काय म्हणतील सांगता येत न्हाई. जत्रंच्या रजेचं उद्या सकाळी, गाठी मोजायच्या आधीच इचारतो.