पहिल्या हाकेला ओ

सलिल, घडलं ते असं:

१. आपल्या गेमच्या नवख्या खेळाडूंसाठीच्या सूचना मी लिहिल्या. चौथी सूचना सर्वस्वी माझी.
२. कृतिकाने त्या पाळून पाहिल्या. चौथी तिला सर्वांत उशिरा जमली, पण जमली.
३. शनिवारी दिवेलागणीला खाडीच्या बाजूने तिला एकदा हाक आली. तिने ओ दिली.
४. ती गेली.
५. रविवारी सकाळी ती परत आली.
६. पाचवा मुद्दा बरोबर आहे की नाही, याची मला खात्री नाही.

दोष नोंदवताना तो पुन्हा कसा घडवता येईल तेही लिहायचं असतं. ते मी लिहिणार नाही. त्याऐवजी माझ्या रोजनिशीतली पानं टाइप करून पाठवते आहे. क्रमाने वाच.

२ नोव्हेंबर, रविवार

नाशिकहून सकाळची एसटी पकडली. ठाण्यात खोपटला उतरले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. घोडबंदर रोड म्हटल्यावर रिक्षावाल्याने माझ्या दोन बॅगांकडे पाहिलं आणि काही खाऊन घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, असं सुचवलं. त्याचं म्हणणं खरं निघालं. पण मला कोंडीही चालली. पहिली नोकरी, पहिली स्वतःची खोली. रस्त्यात अडकूनही मन प्रसन्न होतं.

खोली टॉवरांच्या रांगेमागे, जुन्या गावठाणात. घर तीन मजली, बाहेरून गुलाबी चकचकीत टाइल्स. जमीन बिल्डरला गेली त्यातून हे उभं राहिलं, असं घरमालकीण बायजाकाकूंनी जिना चढता चढता सांगितलं. पन्नाशीच्या असतील. नवरा वारलेला, घरात त्या आणि कॉलेजात जाणारी मुलगी, कृतिका. लग्नाआधी काकू मिठागरात कामाला जायच्या. माझी खोली सर्वांत वर. एका खिडकीतून टॉवर दिसतात, दुसरीतून खाडी. मिठागरं केव्हाच बंद झाली, आता तिथे खारफुटी माजली आहे, पण बांधांचे चौकोन वरून अजून ओळखू येतात.

मी मासे खाते का हे विचारण्याआधीच बोंबलाचं कालवण ताटात आलं. काय काम करतेस, असं काकूंनी विचारलं. मेलेल्यांशी लढायचा एक गेम आहे, तो तपासायचा, असं मी सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता विचार केला.

"मेलेल्यांना मारून काय भेटते गो? जित्यांची काय कमी हाय?"

कृतिका हसून ताटावरून उठली.

एक गोष्ट लक्षात आली. या घरात कोणी कोणाला एकदाच हाक मारत नाही. 'कृतिके, गो कृतिके.' दूधवालासुद्धा 'काकू, ओ काकू'. मला हे आवडलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, एका टॉवरच्या सहाव्या मजल्यावर. टीम लहान आहे. प्रमुख सलिल, डोंबिवलीचा. गेमचा आवाजही तोच करतो. पहिल्याच दिवशी त्याने मला अहो-जाहो बंद करायला लावलं.

गेमचं नाव 'खारी जमीन'. मिठागरावर टॉवर बांधलेलं एक शहर, आणि जमिनीतून वर आलेले मेलेले. चित्रं उत्तम, आवाज त्याहून उत्तम. अडचण एकच: नवखे खेळाडू पहिल्याच दिवशी मरतात आणि परत येत नाहीत. त्यांना सुरुवातीचे दिवस तगवणाऱ्या सूचना लिहिणं हे माझं काम. प्रकाशन २८ तारखेला, शुक्रवारी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सूचना तयार झाल्या. आधी पाणी भरा, हत्यार नंतर. नवखे नेमकं उलट करतात. पाठीवर ओझं घेऊ नका, दमलेला माणूस आवाज करतो. मुक्काम वरच्या मजल्यावर करा आणि जिना अडवा. पाचवी: मेलेल्यांना दिसतं कमी, ऐकू येतं जास्त. ते उभे असतील तर उभे राहू द्या.

चौथी सूचना मी चाचण्या पाहून घातली. गेममध्ये चौघे मिळून खेळतात आणि धुक्यात एकमेकांना हाक मारतात. जो उत्तर देत नाही त्याला सोबती मेलेला समजून गोळी घालतात. नवख्यांचे बहुतेक मृत्यू असेच होत होते. म्हणून लिहिलं: 'हाक आली की पहिल्याच हाकेला ओ द्या. विचार करत बसू नका.'

सलिलने वाचून मान डोलावली. त्याने सूचनेला जोड दिली. सराव व्हावा म्हणून आता गेम स्वतःच धुक्यातून खेळाडूच्या नावाने हाक मारेल, आणि चटकन ओ देणाऱ्याला औषध मिळेल. हाकेचा सूर त्याने खाडीवर ध्वनिमुद्रित केलेल्या एका हाकेवरून घेतला आहे. कोणाची, असं मी विचारलं. कोळ्याची असेल, म्हणाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कधीच न खेळलेलं कोणीतरी चाचणीसाठी हवं होतं. कृतिकाला विचारलं. ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत येते.

हुशार आहे. पाणी भरते, जिना अडवते. पण चौथ्या सूचनेपाशी प्रत्येक वेळी मरते. हाक येते, ती मान वर करते आणि गप्प बसते.

"अगं ताई, दुसरी हाक येऊ दे ना. पहिलीला कोण ओ देतं?"

कारण विचारलं तर तिला सांगता येईना. लहानपणापासूनची सवय, म्हणाली. काकूंना विचारलं. त्यांनी तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. मिठागरात दिवेलागणीला सगळे चौकोन सारखेच दिसायचे. हाक आली की कुठून आली ते कळायचं नाही. म्हणून पहिलीला कोणी ओ देत नसे.

"मानूस हाय तं दोनदा हाक मारील. त्याला एकदाच मारता येते."

त्याला म्हणजे कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी टिपून ठेवलं: स्थानिक सवयीमुळे खेळाडूची प्रतिक्रिया उशिरा येते. सरावाने सुधारेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुधारली. कृतिका आता पहिल्याच हाकेला ओ देते, नकळत. आज मी खालून तिला हाक मारली, एकदाच, नेहमीप्रमाणे. आणि वरून लगेच ओ आली. तिचं तिलाच हसू आलं. मला अभिमान वाटला. ऑफिसात मी तिचं उदाहरण दिलं.

संध्याकाळी काकू चहा घेऊन वर आल्या. नेमकी तेव्हाच लॅपटॉपमधून हाक आली. त्यांनी कप खाली ठेवला, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि हा आवाज कुठून आणला, असं मला विचारलं. आवाज चढवला नाही. मी खाडीचं नाव घेतल्यावर त्या कृतिकाला घेऊन खाली गेल्या. चहा तसाच राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सलिलकडून मूळ ध्वनिमुद्रण मागून घेतलं. त्याने आठवडाभर संध्याकाळी बांधावर यंत्र ठेवलं होतं. बगळे, पाण्याचा आवाज, लांबची वाहतूक. आणि दररोज दिवे लागायच्या सुमारास ती हाक. दररोज एक. कोळी असता तर दुसरी मारली असती. नावेतला माणूस उत्तर मिळेपर्यंत हाका मारतो. मी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. दुसरी कुठेच नाही.

आणखी एक. पहिल्या दिवशीच्या हाकेत नाव नाही, नुसता सूर आहे. शेवटच्या दिवशीच्या हाकेत नाव आहे. 'सलिल.'

त्याला ऐकवलं. कोणीतरी मित्राने मस्करी केली असेल, म्हणाला. तू तेव्हा ओ दिली होतीस का, असं मी विचारलं. तुला दोष नोंदवायचाय की पोलिसात तक्रार करायचीये, असं विचारून तो हसला.

चौथी सूचना काढावी असं मी सुचवलं. त्याने आकडे दाखवले. ती घातल्यापासून नवखे तगू लागले आहेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कृतिका गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती. मी दारात होते. दिवे लागले होते. हाक आली, खाडीकडून, स्पष्ट. आवाज काकूंचा. पण काकू माझ्या मागे जिन्यात उभ्या होत्या.

कृतिकाने मान वर केली नाही, विचार केला नाही. ओ म्हणाली. मी शिकवलं तसं.

मग कपडे खाली ठेवून ती आमच्या दोघींच्या मधून जिना उतरून गेली. काकूंनी तिचा हात धरला होता. सुटला कसा ते त्यांना सांगता येत नाही. आम्ही मागे धावलो. बांधापर्यंत ती दिसत होती. पुढे चिखल आहे.

पोलीस आले, बॅटऱ्या आल्या. अंधारात खाडीला नाव ऐकवू नये म्हणून गावठाणातल्या कोणीही तिला नावाने हाक मारली नाही. पोलिसांनी मारली. ते बाहेरचे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ती अंगणात उभी होती. केस ओले. घोट्यांवरचं पाणी सुकून पांढरं मीठ धरलेलं. काकू तिला कवटाळून रडल्या. मीही —

डॉक्टर घरी आले. नाडी शोधायला त्यांना फार वेळ लागला. मग अशक्तपणा आहे म्हणाले आणि चहा न घेता गेले.

ती जेवत नाही. खाडीकडे तोंड करून उभी राहते. दुपारी कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिने मान वळवली. फक्त मान. खांदे तसेच.

ही हालचाल मी ओळखते. गेममध्ये तीन आठवडे तपासते आहे.

संध्याकाळी तिने आईला हाक मारली. 'आये.' एकदाच. काकू ओ द्यायला तोंड उघडून थांबल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहिली.

काकूंनी पदर तोंडात धरला आणि मला वर ओढलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोघी माझ्या खोलीत. पाणी भरून घेतलं. जिन्यावर कपाट आडवं घातलं. चपला घालत नाही, भांड्यांखाली फडकं ठेवतो. माझ्याच सूचना. चालतात.

काकूंच्या बहिणीला फोन लावला. काकू बोलू लागताच खाली जिन्यावर पावलं वाजली. फोन बंद केला.

कृतिका खालून अधूनमधून हाक मारते. दर वेळी एकदाच. कधी आई, कधी ताई. काकूंनी कानात कापूस घातला आहे. लेकीच्या हाकेला ओ न देणारी आई मी पहिल्यांदा पाहते आहे. त्यांची नजर मला चुकवते. मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

सलिलला दोनदा मेल केला. उत्तर नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कृतिका टॉवरच्या फाटकाशी गेली. वॉचमनला हाक मारली. तो ओ म्हणाला. टॉवरमध्ये कोणाला माहीत असणार? सगळे पहिल्याच हाकेला —

मी खिडकीतून ओरडणार होते. काकूंनी तोंड दाबलं. बरोबर केलं.

ओ देणारे खाडीकडे गेले, परतले आणि दुपारपर्यंत कुंपणाशी ओळीने उभे. वॉचमन. बाळाला घेतलेली बाई. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात असलेले दोघे. सगळ्यांचं तोंड खाडीकडे. घोट्यांना मीठ.

घोडबंदर रोडवर कोंडीत हॉर्न वाजले. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

मग ते रस्त्याकडे चालू लागले. सावकाश. हाका मारत. प्रत्येक जण एकदाच.

कृतिका मात्र इथेच. खाली जिन्याशी. आईसाठी.

संध्याकाळी काकूंनी कानातला कापूस काढला. नीट गुंडाळून उशाशी ठेवला. ती एकटी उभी आहे, तीन दिवसांची उपाशी, म्हणाल्या. मी हात धरला. त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. मग खालून हाक आली.

"ओ गो, बाय. आले."

चुकून नाही. त्या चुकणाऱ्या नव्हत्या. कपाट त्यांनी स्वतः सरकवलं, आवाज न करता. जाताना मला ते पुन्हा लावून घ्यायला सांगितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सलिल, हे तुला.

पाणी आहे. कपाट जागेवर आहे. काकू आणि कृतिका अंगणात शेजारी शेजारी उभ्या आहेत. आता दोघी हाक मारतात.

परवा तो गेम हजारो लोकांकडे जाईल. हाक सगळीकडेच येते की नाही, मला माहीत नाही. पण ओ द्यायला सगळे शिकतील. चटकन. विचार न करता. इथल्या माणसांनी जे मोडू दिलं नव्हतं ते मी —

मागणी एवढीच: चौथी सूचना काढ. ती हाक काढ. जमत नसेल तर प्रकाशन थांबव. उद्या, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर दे. लेखी दे. फोन नको.

काल अंगणाच्या फाटकाबाहेरून तुझ्या आवाजात हाक आली. एकदाच. तुम्ही डोंबिवलीचे एकदाच हाक मारता, आम्ही नाशिकचेही; म्हणून तो तू होतास की नाही, मला कळायला मार्ग नाही. मी ओ दिली नाही.

येऊ नकोस. आलासच तर हाक दोनदा मार. पहिलीनंतर मी थांबेन —

आत्ता. खाली. तुझा आवाज.

थांबले आहे.

दुसरी मार, सलिल. दुसरी